मोकळी लेन आणि मेघश्यामची मिशी

एका बंदरात एक मिशी होती. चांगली भरघोस, दोन्ही टोकांना पीळ दिलेली, खोबरेल लावून चकचकीत केलेली. त्या मिशीच्या मागे मेघश्याम कुबल नावाचा एक माणूस होता. बंदरातली माणसं म्हणायची, आधी मिशी हापिसात शिरते, मग मेघश्याम शिरतो.

तुम्ही म्हणाल, मिशीचं एवढं काय कौतुक! कौतुक आहे, कारण ही गोष्ट तिच्यापासून सुरू होते आणि तिच्यापाशीच संपते. तेवढा धीर धरा.

बंदराचं नाव माडबंदर. पूर्वी तिथून कौलं आणि मीठ जायचं. आता मोठी जहाजं लागतात आणि कंटेनर जातात. कंटेनर म्हणजे खोलीएवढे लोखंडी पेटारे. ट्रकवर बसून येतात, गेटातून आत शिरतात, आणि जहाज लागेपर्यंत यार्डात रांगेने थांबतात. मेघश्याम त्या यार्डात तेवीस वर्षं होता. कुठला पेटारा कुठल्या रांगेत, हे तो खडूने फळ्यावर लिही, आणि फळा पुसला गेला तरी त्याच्या डोक्यातून पुसलं जात नसे.

पंचेचाळिशी उलटल्यावर हा गडी कॉम्प्युटर शिकला. लोक हसले. म्हणाले, म्हाताऱ्या बैलाला नवी चाल! मेघश्यामने मिशीला पीळ दिला आणि शिकतच राहिला. मग एक दिवस टर्मिनलचे मॅनेजर सामंतसाहेब म्हणाले, की आता सगळं यार्ड कॉम्प्युटरवर चालवायचं आहे. यार्डाचा नकाशा त्यात कोण घालणार? पुण्याची कॉम्प्युटरवाली माणसं तीन महिने मागतायत.

"मी घालतो," मेघश्याम म्हणाला. "पाच आठवड्यांत."

आणि पठ्ठ्याने घातला! बेचाळीस रांगा, नऊ लेन, एकेक करून. ते काम कसं असतं, ते नीट ऐका, म्हणजे पुढची गंमत कळेल. ट्रक गेटवर आला, की कॉम्प्युटर चिठ्ठी छापणार. चिठ्ठीवर लेनचा नंबर. ड्रायव्हरने त्या नंबराची पाटी बघायची, त्या लेनमध्ये शिरायचं आणि सरळ जायचं. प्रत्येक लेनचा रस्ता यार्डातल्या ठरलेल्या रांगांपाशीच जातो. एका लेनने गेलात तर रसायनांपाशी, दुसरीने गेलात तर कापसापाशी. मध्ये वळायला जागा नाही. लांबलचक ट्रक एकदा आत गेला, की गेला. म्हणून कॉम्प्युटरमधली लेनची नावं, गेटवरच्या पाट्या आणि यार्डातल्या रांगा, या तिन्हींचा मेळ बसायला हवा.

मेघश्यामने इंजिनीयरचा छापील नकाशा समोर ठेवला. त्यावर गेटच्या नऊ लेन आखलेल्या होत्या. हापिसाच्या बाजूने पहिली, खाडीच्या बाजूला नववी. त्याने एक ते नऊ अशी नावं दिली, एकेकीला तिच्या रांगा बांधल्या, आणि लाल पेन्सिलने बरोबरच्या खुणा केल्या. एकही खूण राहिली नाही.

गेटचा मुकादम हसनभाई दळवी दोनदा त्याच्याकडे आला होता. हसनभाई म्हणजे कानाला पेन्सिल, डोक्यावर जाळीची टोपी, आणि तीस वर्षं उन्हात उभं राहून रापलेला चेहरा. म्हणाला, "भाऊ, तो नकाशा एकदा आम्हाला पण दाखवा की."

"उद्घाटनाला बघा, हसनभाई," मेघश्याम म्हणाला. "सगळ्यांच्या बरोबर."

गेटवाल्यांना काय दाखवायचं, असं त्याच्या मनात आलं. आता हे त्याने तोंडाने म्हटलं नाही, पण मिशीने म्हटलं. हसनभाई मान डोलावून निघून गेला.

चाचणी झाली. दहा ट्रक सोडले. सामंतसाहेबांना ऊन सोसत नाही, म्हणून हापिसाच्या सावलीतल्या पहिल्या दोन लेनमधूनच सोडले. दहाच्या दहा ट्रक बरोबर जागी गेले. टाळ्या पडल्या. कँटीनमध्ये सगळ्यांनी मेघश्यामच्या पाठीवर थापा मारल्या, आणि मेघश्यामला ते चढलं. चहाचा ग्लास वर धरून तो म्हणाला, "ऐका रे सगळे! माझ्या नकाशात एक चूक दाखवा, एकच! त्या दिवशी ही मिशी उतरवीन."

"मेघश्यामा, जपून बोल," कोणीतरी म्हणालं. "मिशी परत यायला वेळ लागतो."

सगळं कँटीन हसलं. मेघश्यामही हसला, कारण चूक नव्हतीच. त्याच्या खुणा तरी तसंच सांगत होत्या.

सोमवारी सकाळी दहाला उद्घाटन ठरलं. मुंबईहून कंपनीचे बडे पाहुणे येणार होते. त्याच दिवशी मोठं जहाज लागणार होतं, आणि एकशे चाळीस ट्रक गेटवर यायचे होते. आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, मेघश्यामने बायकोसाठी पास काढला आणि तिला रिक्षात घालून गेटवर आणलं. आपण काय केलंय, ते तिला डोळ्यांनी दाखवायचं होतं. इतकी वर्षं तो स्वतः जेट्टीकडच्या छोट्या दरवाज्याने कामावर येत होता. ट्रकच्या गेटसमोर असा निवांत तोही कधी उभा राहिला नव्हता.

बायकोचं नाव कुंदा. बाजारात सुकी मासळी विकते, आणि जे दिसेल ते मोजते. ती खोडच आहे तिला. नवी साडी नेसून ती गेटसमोर उभी राहिली, पदर सारखा केला आणि पाट्यांकडे बोट करून मोजायला लागली.

"नऊ लेन आहेत," मेघश्याम अभिमानाने म्हणाला. "नऊच्या नऊ मी कॉम्प्युटरात बसवल्या."

कुंदाने परत एकदा मोजलं. "तुमी नव म्हणतास, पण माका आठच पाट्यो दिसतत. नववी खंय आसा?"

"गो, नीट मोज. तुझा मोजणा चुकला."

"माझा मोजणा चुकला?" कुंदाने कमरेवर हात ठेवला. "तीस वर्सां बाजारात मोजून मासळी विकतंय मी! तुमीच मोजा."

मेघश्यामने मोजलं. लेन नऊच होत्या. पण पाट्या आठ. पहिल्या लेनवर एक, दुसरीवर दोन. तिसरीवर काहीच नाही. चौथीवर तीन, पाचवीवर चार, आणि असं करत शेवटच्या लेनवर आठ.

त्याने तिसऱ्या लेनकडे बघितलं. रिकामी, झाडून घेतलेली, दोन्ही बाजूंना चुन्याची पांढरी रेघ. इतर लेनमध्ये ट्रक उभे होते, पण तिच्यात चाकाची खूणही नव्हती.

"हसनभाई!" त्याने हाक मारली. "या लेनची पाटी कुठाय?"

हसनभाई आपल्या स्टुलावरून उठून आला. "हिची? हिला पाटी कसली, भाऊ? ही मोकळी."

"मोकळी म्हणजे?"

हसनभाईने टोपी सारखी केली. मग सांगितलं. चौदा वर्षांपूर्वी यार्डात थिनरच्या पिंपांना आग लागली. गेटच्या नऊच्या नऊ लेन ट्रकनी तुंबलेल्या. आगीचा बंब बाहेर रस्त्यावर घंटा वाजवत उभा राहिला. पुढे जागा नाही, मागे जागा नाही. अर्धा तास गेला. आत क्रेनवर एक माणूस अडकला होता. त्याचं नाव युसूफ. हसनभाईचा धाकटा भाऊ. युसूफ त्या आगीत गेला, हे मेघश्यामला ठाऊक होतं; बंब गेटवर अडला होता, हे मात्र ठाऊक नव्हतं.

"तेव्हापासून ही लेन आम्ही मोकळी ठेवतो," हसनभाई म्हणाला. "कागदावर नाही, हुकूम नाही. आम्हीच ठरवलं. हिच्यात ट्रक घालायचा नाही आणि हिला मोजायचं नाही. एक, दोन, मोकळी, तीन. नवा पोरगा कामाला आला, की पहिल्या दिवशी त्याला हेच शिकवतो."

"आणि इतकी वर्षं ट्रक चुकले नाहीत?"

"चुकतील कसे? मी तोंडाने सांगतो ना, कुठे जा ते. कॉम्प्युटर उद्यापासून सांगणार."

कुंदाने हसनभाईकडे विचारपूस केली, युसूफची बायको-मुलं कुठे असतात, काय करतात. मेघश्यामला त्यातलं काही ऐकू आलं नाही. तो मनात हिशेब मांडत होता, आणि हिशेब वाईट निघत होता.

त्याच्या नकाशात रसायनांची रांग पाचव्या लेनला बांधलेली. उद्या रसायनांच्या ट्रकना चिठ्ठी मिळणार, लेन पाच. ड्रायव्हर पाचची पाटी बघून आत शिरणार. पण पाचची पाटी होती सहाव्या लेनवर, आणि सहाव्या लेनचा रस्ता जातो कापसाच्या गाठींपाशी. पेट घेणारी पिंपं कापसाला टेकून उभी राहणार! बर्फातली कोळंबी जाणार विजेशिवायच्या रांगेत आणि नासून जाणार. पहिल्या दोन लेन तेवढ्या बरोबर. चाचणी त्यांच्यातूनच झाली होती. आणि त्याच्या नकाशातला नऊ नंबर लागतो तो महिन्यातून एकदा, अजस्र यंत्रं आली तर, म्हणून नववी पाटीच नाही हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

 मेघश्यामचा हात आपोआप मिशीवर गेला, आणि तिथून चटकन खाली आला.

कुंदाला गेटवर बसवून तो हापिसात गेला. सामंतसाहेब रविवार असूनही शामियान्याच्या तयारीला आले होते. मेघश्यामने त्यांना अर्धंच सांगितलं. म्हणाला, पाट्या आणि नकाशा जुळत नाहीत. कोण चुकलं, ते नाही सांगितलं.

"एवढंच ना?" साहेब म्हणाले. "मग पाट्या बदला! रंगारी इथेच आहे, शामियान्याला रंग देतोय. तासाभराचं काम. तिसरीवर तीन लिहा, पुढच्या एकेकाने सरकवा. तुमचा नकाशा शाबूत, माझा मुहूर्त शाबूत."

"पण तिसरी लेन गेटवाले मोकळी ठेवतात, साहेब. बंबासाठी."

"बघू ते नंतर. चौदा वर्षांत कुठे लागलीय परत आग? आणि नकाशा बदलायचा म्हटलं तर किती वेळ?"

मेघश्यामने विचार केला. प्रत्येक लेनला रांगा बांधलेल्या, प्रत्येक रांगेला माल बांधलेला. एक नाव हललं, की सगळं उकलून परत बांधायचं आणि परत तपासायचं. "उद्या चार तरी वाजतील," तो म्हणाला.

"मग प्रश्नच मिटला. पाट्या बदला."

आता खरं सांगतो, मेघश्यामला बरं वाटलं. अगदी हायसं वाटलं. साहेबाचा हुकूम आहे, आपण काय करणार! पाट्या बदलल्या की नकाशा बरोबर ठरणार. चूक झाली होती, हे कोणाला कळणारही नाही. कँटीनला नाही, पाहुण्यांना नाही. मिशी जागच्या जागी राहील. माणसाचं मन अशा वेळी फार हुशार वकील होतं, आणि त्याला पक्षकार एकच असतो.

तो रंगाऱ्याला घेऊन गेटवर आला. रंगाऱ्याच्या एका हातात पिवळ्या रंगाचा डबा, खांद्यावर शिडी. कुंदा हसनभाईच्या स्टुलावर बसून चहा पीत होती. रंगाऱ्याने शिडी तिसऱ्या लेनच्या खांबाला लावली. वर चढला. ब्रश रंगात बुडवला.

हसनभाई पुढे आला. भांडला नाही, ओरडला नाही. शिडीकडे बघितलं, मग मेघश्यामकडे बघितलं.

"भाऊ," तो म्हणाला, "तिथे नंबर लिहिणार?"

मेघश्यामने तोंड उघडलं. साहेबांचा हुकूम आहे, असं म्हणायचं होतं त्याला. पण त्याची नजर त्या चुन्याच्या रेघांवर गेली. दोन्ही रेघा ताज्या होत्या. चौदा वर्षं कोणीतरी त्या दर महिन्याला नव्याने मारत होतं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पगार दिला नव्हता, कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. आणि आपण पाच आठवड्यांच्या कामावर एवढी मिशी पिळत फिरलो! मेघश्यामला लाज वाटली. अशी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

"शिडी खाली घे," तो रंगाऱ्याला म्हणाला.

"रंग लावू नको?"

"लावू नको म्हणतोय ना! एक थेंबसुद्धा सांडू नको तिथे." मग तो हसनभाईकडे वळला. "हसनभाई, गेट बरोबर आहे. चूक माझ्या नकाशात आहे. तुम्ही दोनदा मागितलात, मी दाखवला नाही. आता दाखवतो. बघाल?"

हसनभाईने कानावरची पेन्सिल काढली. "चला," एवढंच म्हणाला.

मेघश्यामने आधी साहेबांना फोन लावला. साहेब फोनवर एवढे ओरडले, की कुंदालाही ऐकू आलं. "पाहुणे दहाला येतील, त्यांना काय सांगू?"

"काही सांगू नका, साहेब. मी सांगतो. गेट चार वाजता उघडेल. आणि पाट्यांना कोणी हात लावला, तर त्या नकाशाखाली मी सही करणार नाही."

सही त्याचीच लागणार होती. साहेबांनी फोन ठेवून दिला.

दिवस मावळेपर्यंत ते दोघं चालत होते. पहिल्या लेनपासून सुरुवात केली. हसनभाई लेनचं नाव सांगे, तिच्यातून शेवटपर्यंत चालत नेई आणि रांगेवर हात ठेवून सांगे, ही इथे येते. मेघश्याम वहीत लिही. नऊ लेन, नऊ वेळा जाणं, नऊ वेळा येणं. वाटेत हसनभाईने आणखी दोन गोष्टी दाखवल्या, कुठे पाणी साचतं आणि कुठे लांब ट्रकचं शेपूट भिंतीला घासतं. इंजिनीयरच्या नकाशात त्यातलं काहीच नव्हतं. तेही वहीत गेलं. कुंदा मागून चालत होती, आणि रांगा मोजत होती. बेचाळीस भरल्या, तेव्हा म्हणाली, "ह्या मात्र तुमचा बरोबर आसा."

सोमवारी सकाळी सात वाजता मेघश्याम न्हाव्याकडे गेला.

"टोकं कापू?" न्हाव्याने विचारलं.

"सगळी काढ."

न्हाव्याचा वस्तरा हातातच राहिला. "मेघश्यामदादा, घरात सगळे बरे आहेत ना?"

"सगळे बरे आहेत. काढ म्हणतोय ना."

साडेसातला तो कामाला बसला. मोकळ्या लेनपाशी कॉम्प्युटर अडला. लेनला नाव दिल्याशिवाय तो पुढे जाऊ देईना. मेघश्यामने थोडा विचार केला, आणि नावाच्या जागी लिहिलं, 'मोकळी'. तिला आधी बांधलेल्या रांगा हसनभाईने दाखवल्याप्रमाणे शेजारच्या लेनना दिल्या; तिला एकही रांग बांधली नाही, एकही माल बांधला नाही. म्हणजे कितीही गर्दी होवो, कॉम्प्युटर त्या लेनची चिठ्ठी छापणारच नाही. पडद्यावर ओळीने नावं आली. एक, दोन, मोकळी, तीन. हसनभाई खुर्चीमागे उभा होता. त्याने ती ओळ वाचली, आणि डोळे टोपीने पुसले.

दहाला शामियाना भरला. मेघश्याम व्यासपीठावर चढला, तेव्हा त्याला कोणी ओळखलंच नाही. मग मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, हा तर मेघश्याम! मिशी कुठाय याची?" सगळा मांडव हसायला लागला. सामंतसाहेब खाली मान घालून बसले.

"हसा," मेघश्याम म्हणाला. "मी पैज लावली होती. चूक दाखवा, मिशी उतरवीन म्हणून. चूक निघाली. माझ्या बायकोने मोजून काढली आणि हसनभाईंनी समजावून दिली." मग त्याने सगळं सांगितलं. छापील कागदावर कसा विश्वास टाकला, गेटवाल्यांना कसं विचारलं नाही, आणि रंगाऱ्याला घेऊन कसा गेला तेसुद्धा. साहेबांचं नाव घेतलं नाही. "पाहुण्यांना चार वाजेपर्यंत खोळंबा होईल. त्याचा दोष माझा."

 पाहुण्यांमधल्या सर्वांत वयस्कर गृहस्थांनी घड्याळ बघितलं, मग त्या मोकळ्या ओठाकडे बघितलं. म्हणाले, "चारपर्यंत थांबतो. चहा आहे ना?"

चहा होता. आणि त्या वेळात मेघश्यामने उरलेलं काम संपवून नंबराच्या आठही लेनमधून एकेक ट्रक सोडून बघितला. या वेळी सावलीतल्या दोनच नाही, उन्हातल्या सगळ्या. चार वाजता पहिली चिठ्ठी हसनभाईच्या हातून निघाली. दिवे लागणीपर्यंत एकशे चाळीस ट्रक आत गेले. रसायनं रसायनांपाशी, कापूस कापसापाशी, कोळंबी विजेपाशी. एकही ट्रक चुकला नाही. गेटची पोरं प्रत्येक ट्रकमागे मोठ्याने आकडा म्हणत होती. एकशे चाळीस म्हटलं, तेव्हा गेटवर असा गलका झाला, की खाडीपलीकडच्या गावातली माणसं विचारायला लागली, बंदरात काय झालं म्हणून.

पुढे दोन महिने गेले. एक दुपार होती, ऊन कडकडीत. जहाज लागलेलं, आठही लेन ट्रकनी गच्च भरलेल्या. आणि कापसाच्या रांगेतून धूर निघाला. एका पेटाऱ्यात गाठी आतल्या आत तापून पेटल्या होत्या.

भोंगा वाजला. हसनभाई स्टुलावरून उठला. मेघश्याम हापिसातून धावत गेटवर आला. दोघंही रस्त्याकडे बघत उभे राहिले.

बंब आला. घंटा वाजवत आला, आणि थांबलाच नाही. डावीकडे ट्रक, उजवीकडे ट्रक, आणि मधे चुन्याच्या दोन रेघांमध्ये झाडून ठेवलेली लेन. बंब सरळ आत गेला, आणि ट्रकपेक्षा आखूड म्हणून कापसाकडे वळलाही. फाटकापासून धुरापर्यंत चार मिनिटं लागली. आग विझली. एका पेटाऱ्याचं दार तेवढं काळं पडलं, आणि क्रेनवरचा पोरगा स्वतःच्या पायांनी खाली उतरला. शेजारी रसायनं नव्हती. ती आपल्या जागी, पार पलीकडे होती.

तो पोरगा चालत गेटपाशी आला. हसनभाईने त्याला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. मग तो मेघश्यामकडे आला. मेघश्यामची मिशी तोवर परत फुटली होती. पण दोन महिन्यांत तिने एकदाही पीळ बघितला नव्हता. कँटीनमध्ये किती जणांनी डिवचलं, तरी त्याने हात लावला नव्हता.

"भाऊ," हसनभाई म्हणाला, "आता पिळा."

मेघश्यामने हात वर नेला. मिशी अजून पुरती वाढली नव्हती, बोटांत नीट येतही नव्हती. तरी त्याने दोन्ही टोकं धरली, आणि सगळ्या गेटासमोर पीळ दिला.

तात्पर्य: आपल्या कामाचा अभिमान खुशाल बाळगावा, पण कागद जमिनीशी जुळवावा, आपली चूक झाकायला जमीन कागदाशी जुळवू नये. जो आपली चूक चारचौघांत कबूल करून काम नीट करतो, त्याच्याच मिशीचा पीळ शोभतो.